तुम्ही विचारलंत म्हणून: विल बोमनचा मला एवढा पुळका का?

प्रश्न नेहमी एकाच चालीने येतो. आधी 'कॉलनी' या अमेरिकन मालिकेबद्दल दोन चांगले शब्द, मग विलच्या बायकोचं, कॅटीचं कौतुक, आणि मग, "पण तुम्ही त्या फितुराची बाजू का घेता?" भाचीने विचारलं, जुन्या सहकाऱ्यांनी विचारलं, माझं लिखाण वाचणाऱ्यांनी तर कितीदा तरी. एका वाचकाने कळवलं होतं की इतर मालिकांबद्दल मी विचार करून लिहिते, पण विल बोमन आला की माझी विवेकबुद्धी सुट्टीवर जाते. ते वाक्य मला फार लागलं होतं. आजवर मी दर वेळी थोडक्यात उत्तर देऊन सुटका करून घेतली. त्याची मुलं होती. त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. विल साकारणाऱ्या जॉश होलोवेचं काम बघा. तिन्ही उत्तरं अर्धवट आहेत, आणि ती देतानाच मला ते कळत होतं. आता एकदा सगळं सांगते.

मालिका पाहिलेल्यांना कथा सांगत बसत नाही. इतरांसाठी एवढंच, की परग्रहावरून आलेल्यांनी लॉस एंजेलिस उंच भिंतींनी कोंडून टाकलंय. वर ड्रोन फिरतात, रात्री संचारबंदी असते. पण आलेले ते कोण, हे जवळजवळ दिसतच नाही. कारभार माणसं बघतात, पहारा माणसं देतात, माणसांना पकडून माणसंच सक्तमजुरीसाठी 'फॅक्टरी'त पाठवतात. विल बोमन हा एफबीआयचा जुना अधिकारी, खोट्या नावाने लपलेला. त्याचा मुलगा चार्ली भिंतीपलीकडे सांता मोनिकात अडकलाय. त्याला शोधायला निघालेला विल पकडला जातो, आणि आलेल्यांच्या वतीने शहराचा कारभार बघणारा 'प्रॉक्सी' स्नायडर त्याच्यापुढे सौदा ठेवतो: बंडखोरांना शोधून दे, तुझं कुटुंब सुरक्षित राहील, मुलाचंही बघू. विल हो म्हणतो. त्याला माहीत नसतं की त्याची बायको कॅटी त्याच बंडखोरांना जाऊन मिळालीय.

आता माझी गोष्ट.

मी सोळा वर्षं एकाच कंपनीत होते, त्यातली शेवटची सात एका विभागाची प्रमुख. विभागात आम्ही एकेचाळीस जण. मग कंपनी दुसऱ्या कुणीतरी विकत घेतली. नवे मालक आम्हाला कधी दिसले नाहीत, त्यांची पत्रं यायची. एका गुरुवारी दुपारी नव्या वरिष्ठांनी मला आत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि अकरा नावं मागितली. सोमवारपर्यंत. आवाज चढला नाही, धमकी नाही, उलट माझ्या कामाची स्तुतीच केली. म्हणाले, "तुम्ही तुमची माणसं ओळखता. तुम्हाला जमणार नसेल तर सक्ती नाही, मी बाहेरच्या माणसाकडून यादी करून घेईन. त्याला फक्त हे दिसेल." आणि एक तक्ता माझ्यापुढे सरकवला. नाव, वय, पगार, नोकरीची वर्षं. एकेचाळिसावी ओळ माझी होती.

मी हो म्हणाले. विचार करायला एक दिवसही मागितला नाही.

बाहेरच्या माणसाच्या हाती माझी माणसं जाऊ नयेत म्हणून मी ते अंगावर घेतलं, असं मी पुढे कित्येक महिने स्वतःला सांगत राहिले. त्यात खोटं काही नाही. शनिवारी मी वरिष्ठांना फोन करून तासभर वाद घातला आणि अकराचे नऊ करून घेतले. फोन ठेवला तेव्हा हात थरथरत होते आणि मला स्वतःचा अभिमान वाटत होता. हे लपवणार नाही. त्या दोन नोकऱ्या माझ्यामुळे वाचल्या. मी नाही म्हटलं असतं तर अकरा गेले असते आणि बारावी कदाचित मी.

आठ नावं कशीबशी झाली. काही जण निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते, दोघांनी स्वतःहून सांगितलं होतं की पैसे बरे मिळाले तर आम्ही जातो. नवव्या ओळीवर मी रविवारी रात्री दोन वाजेपर्यंत बसले होते. दोन बायका उरल्या होत्या. दोघींचं काम सारखं, अगदी खरं बोलायचं तर दुसरीचं जरा सरस. पण पहिली भांडणारी होती. तिने लेखी तक्रार केली असती, कारणं मागितली असती, मला समोर उभं केलं असतं. दुसरी कधी वर मान करून बोलली नव्हती. मी दुसरीचं नाव लिहिलं. शेजारच्या रकान्यात कारण निवडायचं होतं. पाच कारणं आधीच घालून दिलेली होती, त्यातलं एक निवडल्याशिवाय तक्ता पुढेच जाऊ देत नव्हता. मी 'कामाचा वेग' निवडलं. तिचा वेग माझ्यापेक्षा चांगला होता.

शेवटच्या दिवशी ती माझ्याकडे कपाटाच्या किल्ल्या द्यायला आली. चार छोट्या किल्ल्या, प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली, वर तिच्या बारीक अक्षरात कुठली किल्ली कुठल्या खणाची ते लिहिलेलं. पुढे जो येईल त्याला शोधाशोध नको, म्हणाली. मग खांद्यावरची पिशवी सावरत तिने माझा हात धरला. "मॅडम, तुम्ही आमच्यासाठी भांडलात ते कळलं मला. अकराचे नऊ केलेत. माझ्या नशिबात नव्हतं, पण तुमचे उपकार मी विसरणार नाही."

मी म्हणाले, "काळजी घे." बस्स, एवढंच म्हणाले.

यानंतर काही महिन्यांनी भाचीच्या आग्रहावरून मी 'कॉलनी'चा पहिला भाग लावला. स्नायडर समोर बसून विलशी बोलतो, ओरडत नाही, त्याच्या हुशारीची कदर करतो, त्याला काय हवंय ते त्याच्याआधी ओळखून मोकळा होतो. मी तिथे मालिका थांबवली आणि उठून दुसऱ्या खोलीत गेले. त्या खुर्चीत मी बसून आले होते. परत येऊन पुढचं पाहिलं, आणि विल हो म्हणाला तेव्हा मला जे वाटलं त्याला सुटका हाच शब्द आहे. माझ्यासारखं कुणीतरी होतं, आणि ते मालिकेचं मुख्य पात्र होतं, खलनायक नव्हतं. माझा पुळका तिथून सुरू झाला.

तेव्हा मी जे लिहिलं ते परवा काढून वाचलं. कॅटीवर मी तुटून पडले होते. घरात मुलं असताना ही बाई नवऱ्याकडून माहिती काढते आणि पुढे पोहोचवते, त्या माहितीवर माणसं मरतात, आणि रात्री त्याच नवऱ्याशेजारी झोपते. माझं एक वाक्य होतं: 'विल काहीही असो, तो घरच्यांशी खोटं बोलत नाही.' हे मी लिहिलं तेव्हा यादी मी केली होती हे माझ्या घरी कुणालाही माहीत नव्हतं. घरी मी अकराचे नऊ केले तेवढंच सांगितलं होतं. म्हणजे माझ्या घरात कॅटी मीच होते, आणि दोष मात्र पडद्यावरच्या बाईला देत होते.

तरीही कॅटीवरचा माझा राग सगळाच खोटा होता असं मी मानणार नाही. बंड करणाऱ्यांच्या हातून मरणारी माणसंही कुणाची तरी असतात, आणि मालिका हे दाखवायला कचरत नाही. पहिल्याच भागातला भिंतीच्या दाराजवळचा स्फोट बंडखोरांचा आहे. कॅटीच्या बहिणीच्या, मॅडीच्या मुलाला मधुमेह आहे. त्याला इन्शुलिन हवंय आणि ते सरळ मार्गाने मिळत नाही. विल त्या व्यवस्थेत शिरला नसता तर त्या घराने किती दिवस काढले असते? मला हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी कुणीही याचं उत्तर दिलेलं नाही. फितूर म्हणणं सोपं आहे. शब्दच असा आहे की पुढचं काही ऐकायची गरज उरत नाही.

पण मग दुसरी बाजूही मीच मांडते, कारण ती मला झोपू देत नाही. रायन कॉन्डल आणि कार्लटन क्यूज हे या मालिकेचे निर्माते. नाझींच्या ताब्यातलं पॅरिस डोळ्यांपुढे होतं, हे क्यूज यांनी सांगितलेलं आहे. म्हणून मी त्या पॅरिसबद्दल वाचत गेले. १९४०च्या शरद ऋतूत तिथल्या ज्यूंना पोलीस ठाण्यात जाऊन नोंद करायला लावली. त्या नोंदींवरून पॅरिसच्या पोलीस मुख्यालयात कार्डं तयार झाली. नावावरून लावलेली, राष्ट्रीयत्वावरून लावलेली, रस्त्यावरून लावलेली, धंद्यावरून लावलेली. आणि १६ आणि १७ जुलै १९४२ला तीच कार्डं हातात घेऊन फ्रेंच पोलिसांनी तेरा हजारांहून जास्त माणसं घराघरांतून उचलली. त्यात चार हजारांवर मुलं होती. दारावर थाप मारणारे जर्मन नव्हते.

माझ्या नऊ ओळींची आणि या कार्डांची तुलना मी करत नाही. तसं करणं त्या मेलेल्या माणसांचा अपमान ठरेल. माझ्या यादीतल्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या, जीव नाही. पण कार्डं लिहिणाऱ्या कारकुनांचं वाचताना मी ज्या एका गोष्टीशी अडखळले ती सांगते: रस्त्याप्रमाणे कार्डं लावणाऱ्याने ते काम नीट केलं असणार. कोपरे जुळवून, अक्षर सुवाच्य. मीही माझा तक्ता नीट केला होता. रकाने सारख्या रुंदीचे करून पाठवला होता. कशासाठी? हे कुणी मागितलं नव्हतं. यावर माझ्या आधीच्या 'दुसरा मार्ग नव्हता' या उत्तराचा काही उपयोग होत नाही. मार्ग नसलेल्या माणसाने रकाने कशाला सारखे करायचे?

विलही काम नीट करतो. हे मला फार उशिरा दिसलं. सुरुवातीला तो नाइलाजाने जातो, पण माग काढणं हे त्याचं जुनं कसब आहे, आणि ते पुन्हा हाताला लागल्यावर त्याच्या चालण्याबोलण्यात जीव येतो. लपून राहिलेल्या माणसाला पुन्हा कुणीतरी उपयोगी ठरवलंय. तो खुलतो. मला हे पूर्वी त्याचं दुःख वाटायचं. आता त्यात थोडा आनंदही दिसतो, आणि तो शनिवारच्या फोननंतरच्या माझ्या अभिमानाचा सख्खा भाऊ आहे.

आणि ज्या चार्लीसाठी हे सगळं, तो त्याला मिळतो, आणि तिसऱ्या सीझनमध्ये मरतो. त्यावरून लोक मला सुनावतात, "बघा, काय मिळालं फितुरी करून?" मला हा युक्तिवाद पटत नाही. मूल वाचलं असतं तर फितुरी बरोबर ठरली असती का? माझ्या विभागातल्या त्या दोघांच्या नोकऱ्याही पुढे दीड वर्षाने गेल्याच. म्हणून त्या शनिवारच्या फोनला काही अर्थ नव्हता असं मी म्हणू? त्या दीड वर्षात एकाने घराचं कर्ज फेडलं. हिशेब असा मांडता येत नाही, आणि दुसरा कसा मांडायचा ते मला ठाऊक नाही.

मालिकेने तरी निकाल द्यावा अशी माझी फार इच्छा होती. ३६ भागांनंतर, जुलै २०१८मध्ये, ती बंद केली गेली. नवी लढाई तोंडावर आणि सगळे धागे लोंबकळत. चौथ्या सीझनमध्ये विलकडे कुणीतरी हिशेब मागेल, तो काय बोलतो ते मी ऐकेन, आणि मग कुणी मला विचारलं तर तेच सांगेन, असं मी मनाशी धरून बसले होते. ते झालं नाही. माझं उत्तर मलाच शोधावं लागणार होतं, आणि वरचं सगळं वाचून तुमच्या लक्षात आलं असेल की ते मला सापडलेलं नाही.

किल्ल्यांवाली ती बाई अजून माझ्या संपर्कात आहे. दर वर्षी एक निरोप येतो, तब्येत विचारते, स्वतःचं बरं चाललंय म्हणून सांगते. खरंच बरं चाललंय तिचं, आणि मला त्याचा जितका आनंद होतो तितकाच तो मला वापरायला नको वाटतो. या वेळी तिने लिहिलं, "मॅडम, तुम्ही त्या परग्रहवाल्या मालिकेबद्दल सारखं लिहिता, म्हणून बघायला घेतलीय. तो विल चांगला की वाईट, आधीच सांगून टाका." मी मोठं उत्तर लिहिलं. जवळजवळ हेच सगळं, नवव्या ओळीसकट. मग पुसलं आणि लिहिलं, "पहिला सीझन संपव, मग बोलू."

पहिला सीझन दहा भागांचा. तिचे सहा झालेत.