एका पात्यासाठी तीन आठवडे

शिकार आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, पण शिकारी सुरीचा घाट मला फार आवडतो. चार इंचांचं पातं, पाठ टोकाकडे हलकेच उतरलेली. शेतावर आणि ट्रेकला वापरायला तशी एक स्वतः बनवायची होती.

पोलाद निवडायला वेळ लागला नाही. ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा फुकट मिळत होता, पण वापरून थकलेल्या पाट्यात बारीक चिरा असतात, त्या पाणी देताना, म्हणजे तापवून एकदम थंड करताना, उघडतात. ईएन 8 या प्रकारच्या पोलादात कार्बन जेमतेम 0.4 टक्के, धार टिकत नाही. मी ईएन 31 ची 4 मिलिमीटरची पट्टी घेतली. हे बेअरिंगचं पोलाद, कार्बन साधारण 1 टक्का. कापणं, घासणं दोन रविवारांत झालं.

मग हीट ट्रीटमेंट, म्हणजे पातं तापवून-थंड करून कडक करणं. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गेलो. ‘साहेब, एका पीससाठी फर्नेस लावत नाही आम्ही.’ दुसऱ्या खेपेला जीएसटी नंबर मागितला. तिसऱ्या खेपेला, कोणाच्या तरी लॉटबरोबर टाकू, म्हणाले. चलनावर मी स्वतःच्या हाताने लिहिलं: 59 ते 60 एचआरसी, म्हणजे रॉकवेल यंत्रावर मोजलेला कडकपणा. त्यानंतर फोन केला की एकच उत्तर, ‘उद्या या.’ असे तीन आठवडे गेले. पातं हातात आलं तेव्हा शॉट ब्लास्ट करून, म्हणजे बारीक गोळ्यांचा मारा करून, साफ केलेलं होतं. त्यामुळे टेंपरिंगचा, म्हणजे कडक पातं पुन्हा थोडं तापवून चिवट करताना चढणारा, रंगही दिसेना. घरी कानस लावली तर ती सरळ चावली, म्हणजे पातं मऊच. दुसरीकडे रॉकवेलवर तपासलं: 48! सुकलेल्या बांबूवर धार वळली. ज्यांचा लॉट होता त्यांना चिवट माल हवा होता, म्हणून टेंपरिंग त्यांच्या तापमानाला केलं आणि माझं पातं त्यातच गेलं. विचारलं तर म्हणाले, ‘हार्ड झालंय ना?’ तो राग अजून गेलेला नाही. चलनावरचा आकडा वाचायला किती वेळ लागतो?

म्हणून सांगतो, टेंपरिंग किती डिग्रीला करणार ते आधी विचारा आणि लिहून घ्या. त्याच पट्टीचा एक तुकडाही सोबत द्या, म्हणजे तपासणीचा खड्डा पात्यावर पडत नाही.

शेवटी ओळखीच्या एका वर्कशॉपमधली मफल फर्नेस (बंद भट्टी) मिळाली. आधी नॉर्मलायझिंग (तापवून हवेत सावकाश थंड करणं), मग 840 डिग्रीला दहा मिनिटं, आणि लगेच कोमट तेलात. चुंबक चिकटायचं थांबतं ते 770 च्या आसपास. तेवढ्या खुणेवर ईएन 31 बुडवू नका, त्याला आणखी तापमान आणि वेळ लागतो. नंतर तासाभरातच घरच्या ओटीजीत 200 डिग्रीला दोन-दोन तास, दोनदा. ओटीजीच्या बटणावर भरवसा नको, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. राहिलंच सांगायचं: पाणी देण्याआधी धारेच्या कडेला जवळपास एक मिलिमीटर जाडी राखा, नाहीतर पातं वाकतं.

या वेळी कानस पात्यावरून काचेवरून सरकावी तशी सरकली. रॉकवेलवर आकडा आला 60. तपासणाऱ्या दादांनी तो दोनदा घेतला, मीच घ्यायला लावला.