आमची वाटचाल : कर्णबधिर शाळा, कानाचे साचे आणि वर्गातला आवाज

कर्णबधिर मुलांच्या शाळांसाठी आम्ही कानाचे साचे (कानात घट्ट बसणारा, यंत्राचा आवाज आत पोचवणारा भाग) बनवतो, श्रवणयंत्रं दुरुस्त करतो आणि वर्गात ध्वनियंत्रणा बसवतो. मुंबईत माझगावला अशा मुलांची शाळा १८८० च्या दशकात सुरू झाली, तेव्हा विजेवर चालणारं श्रवणयंत्र अस्तित्वातच नव्हतं. कर्णबधिरांच्या शिक्षणावर इटलीत मिलानला १८८० साली भरलेल्या परिषदेनंतर जगभर ओठवाचनावर आणि तोंडी बोलण्यावर भर आला, आणि आपल्याकडच्या शाळांतही बराच काळ तीच पद्धत राहिली. पण पार, बार, भार, मार हे चारही शब्द ओठांवर सारखेच दिसतात. ‘ब’ आणि ‘म’ वेगळे ओळखू येण्यासाठी लागणारा आवाज बराचसा खालच्या पट्टीत असतो, आणि अनेक मुलांची तिथली श्रवणशक्ती थोडीफार शिल्लक असते. ती शेवटच्या कणापर्यंत वापरात आणायची, हेच आमचं काम.

सुरुवात पॉकेट मॉडेलपासून झाली. छातीवरच्या खिशात यंत्र, पेन्सिल सेल, वर जाणारी कॉर्ड आणि कानात बटणासारखा रिसीव्हर. या यंत्राची दुरुस्ती म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा कॉर्डच. प्लगजवळ ती सतत वाकते आणि आतली तार तुटते. बाहेरून काहीच दिसत नाही, आवाज मात्र येतो-जातो. कापड घासल्याची खरखर मुलाला दिवसभर ऐकू येते, म्हणून खिसा गणवेशाच्या बाहेरून शिवायला आम्ही शाळांना सांगायचो. एकाच यंत्राला वाय-कॉर्ड लावून दोन्ही कानांत आवाज देणं स्वस्त पडायचं. पण मग दोन्ही कानांना एकच आवाज मिळतो आणि तो कुठून आला हे मुलाला कळत नाही.

वर्गात लूप बसवायची, म्हणजे भिंतीभोवती तारेचं वेटोळं घालायचं. शिक्षिका माइकवर बोलतात आणि यंत्राचा खटका ‘टी’वर (तारेतला आवाज पकडणाऱ्या कॉइलवर) ठेवला की आवाज थेट यंत्रात उतरतो. यात दोन अडचणी हमखास येतात. शेजारच्या वर्गातही लूप असेल तर तिकडचा धडा इकडे ऐकू येतो. आणि विजेची वायरिंग जवळून गेली असेल तर ५० हर्ट्झची घरघर पकडली जाते. शिवाय नुसत्या ‘टी’वर मुलाला स्वतःचा आणि शेजारच्या मित्राचा आवाज ऐकू येत नाही. बोलणं शिकणाऱ्या मुलासाठी हे फार मोठं नुकसान, म्हणून आम्ही ‘एमटी’चाच, म्हणजे यंत्राचा माइक आणि ‘टी’ दोन्ही चालू ठेवण्याचा आग्रह धरला. पुढे एफएम आलं, म्हणजे शिक्षिकेच्या माइकमधला आवाज रेडिओ लहरींनी थेट यंत्रात. बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबल घटतो, पंख्याची घरघर मात्र कमी होत नाही. शिक्षिकेच्या तोंडापासून वीतभर अंतरावरच्या माइकने जे साधतं, ते यंत्राचा आवाज वाढवून साधत नाही.

कानामागची यंत्रं रुळली तसा साच्याचा दर्जा कळीचा ठरला. माप घेण्याआधी कानात मळ किंवा स्राव नाही ना, हे ऑडिओलॉजिस्टनी (श्रवणतज्ज्ञांनी) पाहिलेलं असावं. दोरा बांधलेला कापसाचा बोळा कानाच्या नळीच्या दुसऱ्या वळणापलीकडे ठेवायचा. सिलिकॉनचे दोन्ही भाग समप्रमाणात मळायचे आणि पिचकारीचं टोक भरणाऱ्या मसाल्यात बुडालेलंच ठेवून भरायचं. टोक बाहेर आलं की हवेचा फुगा अडकतो. मसाला घट्ट होईपर्यंत मुलाला जबडा हलवू द्यायचा. काढताना आधी कानाची पाळी हलवून हवा आत जाऊ द्यायची, एकदम ओढायचं नाही. ॲक्रिलिकचा (टणक प्लॅस्टिकचा) साचा दाबाखाली पिकवला नाही तर त्यात छिद्रं पडतात, आणि त्यातला द्रव पूर्ण मुरला नाही तर कान लाल होऊन खाजतो. लहान मुलांना आम्ही मऊ सिलिकॉनचाच साचा देतो, कारण खेळताना पडल्यावर टणक साचा कानाला इजा करतो.

मूल वाढतं तसा कानही वाढतो. बाळाचा साचा काही महिन्यांतच सैल होतो, शाळकरी मुलाचा साधारण वर्षाने. सैल साचा शिट्टी मारतो. ती बंद करायला कुणीतरी आवाज कमी करतं आणि मूल यंत्र कानात घालून बहिरंच राहतं. नळीचंही तसंच: यंत्र साच्याला जोडणारी १३ नंबरची प्लॅस्टिक नळी काही महिन्यांत पिवळी, कडक होते आणि आखडून साचा ओढू लागते.

हे सगळं ओळखायला रोज सकाळी सहा आवाज पुरतात: म, ऊ, आ, ई, श, स. शिक्षिकेने तोंडासमोर कागद धरून एकेक म्हणायचा, मुलाने ऐकू आला की हात वर करायचा. काल सगळे आले आणि आज फक्त ‘स’ गेला, तर नळीत पाण्याचा थेंब किंवा साच्याच्या तोंडाशी मळ. ‘म’ आणि ‘ऊ’ गेले तर साच्याच्या कडेने आवाज गळतोय. काहीच आलं नाही तर आधी सेल बदला.

अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या ॲडिप योजनेत २०१४ पासून कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या यंत्रासाठी) ६ लाखांपर्यंत मदत मिळू लागली. लहान वयात इम्प्लांट झालेली बरीच मुलं आता नेहमीच्या शाळेत जातात. विशेष शाळेत उशिरा निदान झालेली किंवा आणखी एखादं अपंगत्व असलेली मुलं जास्त दिसतात. तिथे खाणाखुणांची भाषा हवीच, आणि तिच्यासोबत यंत्रही चालू असायला हवं. यंत्र की खुणा, हा वाद आम्हाला मुलाच्या हिताचा वाटत नाही.

हल्ली माप स्कॅन करून फाइल जपून ठेवता येते. साचा हरवला आणि तो अजून नीट बसत असला, तर पुन्हा माप न घेता दुसरा थ्रीडी प्रिंटरवर छापता येतो.

जूनमध्ये शाळांना आम्ही एक डबा देतो: स्टेथोक्लिप (यंत्राचा आवाज मोठ्यांना ऐकून पाहायची नळी), सेल तपासायचं साधन, नळी फुंकायचा रबरी फुगा आणि सिलिका जेल. यंत्र रात्री डब्यात ठेवताना झिंक-एअर (हवेवर चालणारे) सेल आधी काढून घ्यावेत, सिलिका त्यांनाही सुकवते. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर तापवावेत, पुन्हा निळे होतात. नव्या सेलचं स्टिकर काढल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून मगच झाकण लावावं.