अरुंद बंदरात कटर केवढा असावा?

कोकणातल्या मासेमारी बंदरांत गाळ काढायचा म्हटले की जागेची अडचण ठरलेलीच. एका अंगाला जेटी, दुसऱ्या अंगाला दाटीवाटीने लागलेल्या होड्या, आणि उरलेल्या पट्ट्यात कटर सक्शन ड्रेजर, म्हणजे फिरत्या दातेरी डोक्याने (कटरने) गाळ कापून पंपाने ओढून घेणारी नौका, फिरवायचा. अशा वेळी ‘जागा अरुंद, म्हणून कटर लहान’ असा सरधोपट हिशोब होतो. निष्कर्ष बहुधा बरोबर निघतो, पण त्यामागचे कारण वेगळे आहे.

ड्रेजर मागच्या स्पडभोवती, म्हणजे तळात रोवलेल्या खांबाभोवती, दोन्ही बाजूंच्या विंचांनी (दोर ओढणाऱ्या यंत्रांनी) झुलतो, त्यामुळे कापला जाणारा पट्टा स्पड आणि कटर यांतले अंतर व झुलण्याचा कोन यांवर ठरतो. हे अंतर 20 मीटर आणि कोन दोन्हीकडे 35 अंश असेल, तर पट्टा सुमारे 23 मीटरचा होतो. कटरचा व्यास अर्ध्या मीटरने घटवून त्यात फारसा फरक पडत नाही.

निर्णायक ठरतो तो पंप. थराची जाडी 0.5 मीटर, दर फेरीला पुढे सरकणे 0.4 मीटर आणि झुलण्याचा वेग मिनिटाला 10 मीटर धरला, तर तासाला 120 घनमीटर गाळ सुटतो. तासाला 800 घनमीटर मिश्रण ओढणाऱ्या पंपाने त्यात 15 टक्के गाळ घेतला, तरी त्याची मर्यादा तेवढीच. मोठा कटर लावून याहून जाड थर कापला, तर जास्तीचा गाळ तळाशीच सांडतो आणि कामानंतरच्या मोजणीत खोली कमी भरते. शिवाय मोटरचा पीळ (टॉर्क) तोच ठेवून व्यास 1 मीटरवरून 1.5 मीटर केला, तर दातांचा जोर दोन तृतीयांशावर येतो. मऊ चिखलात हे चालून जाते, मुरूम लागला की कटर अडतो.

धक्क्यालगत मी आणखी सावध राहतो. कटर गोल असल्याने भिंतीच्या पायथ्याशी गाळाची पाचर उरते, आणि व्यास दुप्पट केला की ती चौपट होते. ती काढण्याच्या हट्टापायी भिंतीच्या पायाखालची माती कधीही उकरू नये. तेवढा भाग ग्रॅबने (उघडझाप करणाऱ्या लोखंडी पंज्याने) काढलेला बरा.

मात्र कटर फार लहान घेतला, तर पात्यांमधल्या फटींत चिकणमाती बसते, आणि तुटक्या जाळ्यांचे नायलॉन त्याला लगेच गुंडाळले जाते. म्हणून चिकणमातीत पात्यांमधली फट मोकळी असलेला कटर निवडावा, आणि जाळी व दोर काम सुरू होण्याआधीच उचलून घ्यावेत.