बाईकवर कॅमेरा लावताना: पठार, घाट, खडी आणि पाऊस

या प्रवासाला निघताना ठरवलं होतं की ॲक्शन कॅमेरा एकच न्यायचा आणि रस्ता बदलेल तशी त्याची जागा बदलायची. आम्ही दोघं, दोन बाईक: माझी एका सिलिंडरची, मित्राची दोन सिलिंडरची. रस्ता सगळ्या तऱ्हांचा मिळाला. आधी पठारावरचा सरळ महामार्ग, मग घाट, माथ्यावर खडी, उतरताना पाऊस आणि शेवटी अंधार. सगळं चित्रण बघून झाल्यावर माझं मत पक्कं झालंय: कॅमेरा कोणता आहे यापेक्षा तो कुठे आणि कशावर बसवलाय, यावर चित्राचा दर्जा ठरतो. म्हणून बसवण्याबद्दल आधी लिहितो, खरेदीबद्दल नंतर.

महामार्गावर कॅमेरा हँडलवर होता. क्लॅम्प, म्हणजे नळीला आवळून बसणारी पकड, घेण्याआधी हँडलच्या नळीचा व्यास मोजा. बऱ्याच बाईकना 22 मिमीची नळी असते, जाड हँडल मध्यभागी 28 मिमीचं असतं आणि मुठीकडे निमुळतं होत जातं. क्लॅम्प नेमका त्या निमुळत्या भागावर आला तर कितीही आवळला तरी फिरतो.

हँडल ही लावायला सगळ्यात सोपी जागा, पण थरथरही तिथेच सगळ्यात जास्त. इंजिन 3000 आरपीएमवर (मिनिटाला 3000 फेरे) असताना क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, सेकंदाला 50 वेळा फिरतो, आणि एका सिलिंडरच्या इंजिनात त्यातला बराच हादरा हँडलपर्यंत येतो. या कॅमेऱ्यांचा सेन्सर अख्खं चित्र एका क्षणात टिपत नाही, एकेक ओळ वाचत वरून खाली जातो. तेवढ्यात कॅमेरा हलला की सरळ खांब नागमोडी होतात आणि रस्ता जेलीसारखा डुलतो. स्टॅबिलायझेशन, म्हणजे हलणारं चित्र स्थिर करणारी कॅमेऱ्यातली सोय, खड्ड्यांचे मोठे धक्के छान पचवतं, पण या बारीक थरथरीपुढे ते कमी पडतं.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. माझ्या चित्रणात ही थरथर ठरावीक आरपीएमलाच होती, थोडं वर किंवा खाली गेलं की चित्र स्वच्छ. म्हणजे दोष एकट्या इंजिनाचा नव्हता, कॅमेरा धरणाऱ्या माउंटचा हात त्या कंपनाला साथ देत होता. लांब, सडपातळ, दोन-तीन सांध्यांचा हात कमी कंपनालाच झुलायला लागतो. तो आखूड आणि ताठ केला की त्याची झुलण्याची गती इंजिनाच्या नेहमीच्या पट्ट्याच्या वर जाते. थांबून मधला तुकडा काढला, कॅमेरा जवळजवळ क्लॅम्पला टेकवला आणि त्याच वेगात चित्र शांत झालं. त्यामुळे जमेल तितके कमी सांधे ठेवा, आणि जे ठेवाल ते पान्याने आवळा. तोच कॅमेरा मित्राच्या बाईकवर लावला तेव्हा फरक लगेच दिसला. तिच्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट (कंपन कमी करणारा फिरता दांडा) आहे आणि हँडल मुळातच कमी हादरतं. दुसऱ्याच्या बाईकवर उत्तम चाललेलं माउंट आपल्या बाईकवर तसंच चालेल असं धरून चालू नका.

मोबाइल हँडलवर लावून चित्रण करायचा विचार असेल तर तो सोडून द्या. ज्या फोनच्या कॅमेऱ्यात ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन असतं, त्याची लेन्स चुंबकांच्या आधारे तरंगती असते. जास्त ताकदीच्या मोटरसायकल इंजिनाच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा खराब होऊ शकतो, असं खुद्द ॲपलने 2021 मध्ये जाहीर केलं आहे. नकाशासाठी फोन लावायचाच असेल तर कंपन शोषणारा डॅम्पर घालून लावा.

घाट सुरू होण्याआधी कॅमेरा हेल्मेटच्या हनुवटीवर घेतला, आणि माझ्या मते बाईकच्या चित्रणासाठी याहून चांगली जागा नाही. इंजिनाची थरथर कमरेत, पाठीत, मानेत जिरून जाते. शिवाय चालवणारा वळणात शिरताना आधी मान वळवतो, म्हणून बघणाऱ्यालाही वळण आधी दिसतं आणि मग बाईक त्यात झुकते. हँडलवरच्या कॅमेऱ्याला हे साधत नाही, तो पुढच्या चाकाच्या मागे मागे फिरतो. हेल्मेटच्या डोक्यावर मात्र लावू नका. तिथे वारा मान ओढतो, फांद्या लागतात आणि चित्रही जमिनीपासून फार उंचावरून येतं.

हनुवटीवर चिकटवण्याचं काम प्रवासाच्या आदल्या रात्री करून चालत नाही. व्हीएचबी जातीची (फोमची, दोन्ही बाजूंनी घट्ट चिकटणारी) चिकटपट्टी खोलीच्या तापमानाला पूर्ण पकड घ्यायला 72 तास घेते, 24 तासांत साधारण 90 टक्के. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसा, पूर्ण वाळू द्या, मग पट्टी दाबून लावा आणि हेल्मेट तसंच ठेवून द्या. हेल्मेटला भोक कधीच पाडू नका. बोल्टने घट्ट बसवलेला कॅमेरा अपघातात डोक्याला पीळ देऊ शकतो. चिकटवलेला जोराच्या आघाताने सुटण्याची शक्यता जास्त असते आणि तो सुटलेलाच बरा. हेल्मेटवर कॅमेऱ्याला परवानगी आहे का, हेही आपल्या आणि ज्या भागात जाणार तिथल्या नियमांत बघून घ्या.

कोन ठरवताना उभं राहून ठरवू नका. बाईकवर बसा, हेल्मेट घाला, हात हँडलवर ठेवून चालवण्याच्या पवित्र्यात या आणि सोबत्याला फोनवरच्या ॲपमध्ये चित्र बघायला सांगा. आमचा संवाद असाच चालला होता: “अजून वर घे रे, नुसतं मीटरच दिसतंय.” क्षितिज चित्राच्या मध्यावर किंवा किंचित वर आणि खाली हँडलची टोकं दिसतील असं ठेवा. हँडल चित्रात असलं की वेग आणि झुकाव दोन्ही कळतात. कॅमेरा उलटा लागत असेल तर चित्राची दिशा सेटिंगमध्ये पक्की करून टाका, नाहीतर मान झुकवली की काही कॅमेरे चित्र स्वतःच फिरवतात.

घाटात आणखी एक गोष्ट कळते. सगळ्यात रुंद कोनावर वेग छान दिसतो, पण डोंगर टेकड्यांएवढे होतात आणि दरीची खोली जाते. घाटासाठी लिनिअर कोन (थोडा अरुंद, सरळ रेषा सरळच दाखवणारा) वापरा.

माथ्यावर खडी लागली तेव्हा कॅमेरा क्रॅश गार्डवर, अगदी खाली लावला. जमीन जवळून पळते म्हणून साध्या वेगालाही जोर येतो आणि सस्पेन्शनचं काम स्पष्ट दिसतं. पण पुढच्या गाडीच्या चाकाखालचे दगड थेट लेन्सवर येतात. इथे सुटी बदलता येणारी काच असलेला कॅमेराच लावावा. आणि दोरी हवीच. ती फ्रेमला बांधा आणि इतकी आखूड ठेवा की कॅमेरा निसटला तरी चाक किंवा साखळीपर्यंत पोचणार नाही. लांब दोरी ही दोरी नसण्यापेक्षा धोक्याची. प्रत्येक थांब्यावर माउंट हाताने हलवून बघायची सवय लावा; खडीवर स्क्रू ढिले होतात.

पावसात कॅमेरा भिजण्याची भीती कमी, लेन्सवर बसलेल्या थेंबांचा त्रास जास्त. एक कोरडं सुती फडकं जर्किनच्या आतल्या खिशात ठेवा आणि थांबून पुसा. चार्जिंगची वायर लावण्यासाठी बॅटरीचं झाकण उघडं ठेवलं असेल तर कॅमेरा जलरोधक राहत नाही, हे ढग दिसले की आठवायला हवं. काचेला आतून वाफ धरत असेल तर रात्री कॅमेऱ्याचं झाकण उघडून सिलिका जेलच्या पुडीसोबत डबीत ठेवा.

अंधारातल्या चित्रणाकडून फार अपेक्षा ठेवू नका. उजेड कमी झाला की शटर जास्त वेळ उघडं राहतं, प्रत्येक हादरा चित्रात फासला जातो आणि स्टॅबिलायझेशन ते पुसू शकत नाही. दिव्यांच्या रस्त्यावर किंवा बोगद्यात चित्र लुकलुकत असेल तर विजेच्या वारंवारतेप्रमाणे अँटी-फ्लिकर 50 किंवा 60 हर्ट्झवर ठेवा.

आता खरेदी. 4के पुरेसं आहे, त्यापुढच्या आकड्यांसाठी पैसे घालू नका. आधी स्टॅबिलायझेशन बघा. जुना कॅमेरा घेणाऱ्यांसाठी दोन खुणा: गोप्रो या कंपनीच्या ब्लॅक मालिकेतल्या ॲक्शन कॅमेऱ्यांमध्ये वेगळ्या खोक्याविना 10 मीटरपर्यंत जलरोधक असण्याची सोय 2016 च्या हिरो 5 ब्लॅकपासून आली, आणि हायपरस्मूथ हे दमदार स्टॅबिलायझेशन 2018 च्या हिरो 7 ब्लॅकपासून. बाईकसाठी मी हिरो 7 ब्लॅकपेक्षा जुना कॅमेरा घेणार नाही. त्यानंतर बघा की बाहेरचा माइक जोडता येतो का, बॅटरी बदलता येते का आणि हातमोजे घालून एका बटणात चित्रण सुरू होतं का. सुरू झाल्याचा आवाज हेल्मेटमध्ये ऐकू आला पाहिजे.

माइकला मी कॅमेऱ्याइतकंच महत्त्व देतो. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकवर वेगात फक्त वारा येतो. बोलायचं असेल तर वायरचा छोटा माइक फोमसह हेल्मेटच्या आत, हनुवटीच्या पॅडमागे लपवा. इंजिनाचा आवाज हवा असेल तर सीटच्या मागे, वारा न लागणारी जागा शोधा.

कार्डाचा हिशोब सोपा आहे. 100 मेगाबिट प्रतिसेकंद या दराने तासाला 45 जीबी भरतात, म्हणजे 128 जीबीचं कार्ड तीन तासांच्या आत संपतं. व्ही30 कार्ड सेकंदाला किमान 30 मेगाबाइट सलग लिहू शकतं आणि या दराला लागतात 12.5, तेव्हा त्याहून महाग कार्डाची गरज नाही. सगळा रस्ता टिपत बसण्यापेक्षा वळणं, चढ आणि खराब पट्टे निवडा. सिग्नलला किंवा चहाला थांबलात की कॅमेरा बंद करा. वारा थांबला की तो काही मिनिटांत तापतो आणि स्वतःहून बंद पडतो. दोन कॅमेरे नेणार असाल तर निघण्याआधी दोन्हींची घड्याळं एकत्र लावून घ्या, नंतर तुकडे जुळवताना तासन्‌तास वाचतात.