एसटी जिथं वळते तिथंच थांबा: कोल्हापूर ते आचरा, चार दिवस, एक व्हॅन

आधी हिशेब सांगतो, कारण डोकं अजून तिथंच अडकलंय. झोपायची सोय असलेली भाड्याची व्हॅन ठरली दिवसाला 9,000 रुपयांनी, डिझेल धरून, रोज 200 किलोमीटरपर्यंत. शुक्रवार ते सोमवार म्हणजे चार दिवस, 36,000. मंगळवारी बिल आलं ते पाच दिवसांचं. म्हणे किलोमीटर आणि दिवस दोन्ही ‘गॅरेज ते गॅरेज’. गॅरेज पुण्यात. पुणे-कोल्हापूर जायचे-यायचे 460 किलोमीटर आमच्या नावावर, आमचे स्वतःचे 430. दिवस पाच लावले, पण किलोमीटरची मर्यादा चारच दिवसांची, 800. म्हणजे 90 जादा, त्याचे 25 रुपयांनी 2,250. गाडी मंगळवारी सकाळी पुण्यात पोचली म्हणून मंगळवारचे 9,000. ड्रायव्हरचा भत्ता रोजचा 800, तो वेगळाच. फोनवर हे कुणी बोललं नव्हतं. व्हॉट्सॲपवर जो फोटो पाठवला होता त्यात खाली बारीक अक्षरात होतं, ते मी घरी आल्यावर चष्मा लावून वाचलं. तेव्हा पहिला सल्ला हाच: गाडी बुक करताना ‘गॅरेज कुठं आहे?’ हा प्रश्न आधी, बेड किती आहेत हा नंतर.

आम्ही सहाजण. मी, बायको, दोन पोरी, आबा आणि मेहुणा. सातवा ड्रायव्हर. ड्रायव्हरची झोपायची सोय आपण बघायची असते हेही आम्हाला फुलेवाडीच्या नाक्यावर कळलं. बिचारा पुढच्या सीटवर पाय डॅशबोर्डवर टाकून तीन रात्री झोपला. गाडीत ‘सहा जणांची झोपण्याची सोय’ लिहिलेलं असेल तर चार मोठी माणसं आणि दोन लहान पोरं असं वाचायचं. माझी मोठी मुलगी अकरावीत आहे.

डिसेंबरात संध्याकाळी कोल्हापुरातून गगनबावड्याकडं निघू नका. गळीत हंगाम जोरात असतो. 55 किलोमीटरचा रस्ता, पण कळे गावापर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागं मागं जावं लागतं. दोन दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि बाहेर आलेली उसाची टोकं बरोबर आपल्या काचेच्या उंचीला. सकाळी सहाला निघा. आम्ही पाचला (संध्याकाळच्या) निघालो आणि बावड्यात साडेआठला पोचलो. रात्री धुकं, थंडी, छान झोप. बाकी त्या मुक्कामाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

बावड्यातून खाली वैभववाडीकडं उतरणारा करूळ घाट जानेवारी 2024 मध्ये रुंदीकरण आणि काँक्रीटसाठी बंद केला होता तो वर्षभर बंदच होता. आता रस्ता चांगला झालाय, पण पावसाळ्यात दरड आली की पुन्हा बंद होतो. निघायच्या आधी बावड्यात एखाद्या चहावाल्याला विचारा. नकाशावर विसंबू नका, तो तुम्हाला गुमान भुईबावडा घाटात घालेल. भुईबावडा अरुंद आहे, वळणं आवळलेली आहेत, लांब गाडीला तिथं पुढं-मागं करावं लागतं. मोटरसायकलला मस्त. व्हॅनला नको.

वैभववाडी, तळेरे, विजयदुर्ग. किल्ला बघितला, जेवलो. देवगड मागं टाकून कुणकेश्वरच्या पुढं निघालो. 

आता जिथं अडकलो ती वाट.

कुणकेश्वरच्या पुढं किनाऱ्याला लागून कॅम्पिंगची एक जागा बुक केली होती. गावाचं नाव घेत नाही, जागेचंही नाही. मालकाला मी फोनवर दोनदा विचारलं होतं, “गाडी मोठी आहे, येईल ना?” “येतंय हो, ट्रॅव्हलर येतात आमच्याकडं कायम.” खोटं नव्हतं. ट्रॅव्हलर, म्हणजे मिनीबस, येत असतील. पण आमच्या ट्रॅव्हलरच्या टपावर एसी बसवलेला, त्याच्यापुढं सामानाचं कॅरियर, उंची साडेदहा फूट, लांबी 23 फूट, आणि मागच्या चाकाच्या मागं निघालेलं ढुंगण एवढं की वळताना गाडी पुढं जाते आणि मागची बाजू शेजाऱ्याच्या परड्यात.

संध्याकाळचे सात. काळोख. नकाशाची बाई म्हणाली डावीकडं वळा, आम्ही वळलो. डांबर संपलं, उतार लागला, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे. आमच्याकडची पाणंद बरी, कडंला निदान ऊस असतो, चाक घातलं तर मोडतो. गडगा मोडत नाही, गाडी खरचटते. मधे रस्ता आठ फूट. आरशांसकट आमची गाडी साडेसात. वर फणसाची फांदी एसीच्या डब्यावर खर्रर्र करून गेली तेव्हा मेहुणा म्हणाला, “दाजी, ही वाट संपत नाही, बारीक होत चाललीय.” पुढं एका घराकडं गेलेली लाईटची वायर झोळ देऊन खाली आली होती. बांबूनं उचलून गाडी खालून काढू असा एक विचार निघाला. हा विचार कुणाच्याही डोक्यात आला तर त्याला गाडीत बसवून ठेवा. मी मेहुण्याला बसवलं.

तेवढ्यात गडग्यापलीकडून बॅटरी आली आणि एका आजींचा आवाज. “खय चल्लास? ह्या वाटेन गाडी जाऊची नाय. गेल्या मे म्हयन्यात एक अशीच अडाकली.”

म्हणजे मालकाला माहीत होतं.

रिव्हर्स. सातशे मीटर, चढ, काळोख. कॅमेरा होता पण चढावर तो फक्त आभाळ दाखवत होता. मोठी मुलगी मागं मोबाईलचा उजेड धरून उलटी चालत होती, मेहुणा डाव्या बाजूला, मी उजव्या बाजूला, आणि आम्ही दोघं एकाच वेळी ओरडत होतो, त्यामुळं ड्रायव्हर दोघांचंही ऐकेना. इशारा करणारा माणूस एकच असावा, आणि तो आरशात दिसला पाहिजे. आम्हाला हे चाळीस मिनिटांनी सुचलं. तोवर मागचा कोपरा गडग्याला लागला होता आणि पाच-सहा दगड घरंगळून रस्त्यावर आले होते.

घरमालक आले. मला वाटलं आता हे दोन हजार मागणार. ते म्हणाले, “पैसे नको, गडगो होतो तसो करून जावा.” गडग्यात माती नाही, सिमेंट नाही, नुसते दगड एकमेकांवर बसवलेले. मी एक ठेवला, तो हलला. मेहुण्यानं ठेवला, तो पडला. मग आबा उतरले. सत्तरी उलटलेला माणूस, आयुष्य बांध घालण्यात गेलेलं. प्रत्येक दगड हातात फिरवून बघायचे, सपाट बाजू शोधायचे, खाली एक चिप सारायचे, तळहातानं दाबून बघायचे. वीस मिनिटांत गडगा उभा. मालकांनी पायानं एक धक्का दिला, हलला नाही. मग त्यांनी आबांना आत नेऊन चहा दिला. आम्हाला नाही.

डांबरी रस्त्यावर परत आलो तेव्हा सव्वाआठ वाजले होते. कॅम्पवाल्याला फोन केला तर तो म्हणतो, “गाडी वर लावा आणि चालत या की, दीड किलोमीटर तर आहे.” मग 36,000 ची गाडी कशाला आणली होती? आगाऊ दिलेले 3,000 गेले ते गेले. रात्र एका पेट्रोल पंपाच्या मागच्या बाजूला काढली, विचारून. सपाट फरशी, दिवा, पाणी, संडास, हवा भरायचा कंप्रेसर, आणि सकाळी पंपावरच्या पोरांनी पोरींना बोरं दिली. चार दिवसांतला सगळ्यात सोयीचा मुक्काम हाच. थट्टा करत नाही.

म्हणून मोठी गाडी घेऊन जाणाऱ्याला माझा एकच नियम: जागेच्या मालकाला ‘गाडी येईल का?’ विचारू नका, तो हो म्हणणार. ‘एसटी कुठपर्यंत येते?’ विचारा. एसटी जिथं वळून परत जाते तिथंपर्यंत रस्ता रुंद असतो, फांद्या छाटलेल्या असतात आणि वायरी वर ओढलेल्या असतात. त्याच्या पुढं एक मीटरही उजेडात चालत बघितल्याशिवाय जायचं नाही. आणि कोकणातल्या किनाऱ्यावर डिसेंबरात सहा-सव्वासहाला दिवस बुडतो हे घाटावरच्या माणसानं विसरू नये.

राज्य सरकारनं 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात गाड्या उभ्या करायच्या तळांवर पाणी, वीज वगैरे असावी असं आहे. आमच्या वाटेवर असा एकही तळ लागला नाही. वीज म्हणजे कुणाच्या तरी ओसरीतला प्लग. व्हॅनच्या एसीला 15 अँपिअरचा प्लग लागतो, घरगुती पाच अँपिअरच्या प्लगला अडॅप्टर लावून चालवू नका. आचऱ्यात आम्ही लावला, अर्ध्या तासात घराचा एमसीबी पडला आणि त्यांची टीव्हीवरची मालिका गेली. लाईटचे म्हणून 600 दिले, ते रास्त होते. एसी मुळात लागत नाही. खिडक्यांना मच्छरजाळी आहे का ते मात्र गाडी ताब्यात घेताना बघा. आमच्या एकीची फाटलेली होती.

गाडीतला संडास. सगळ्यांना त्याचंच कौतुक असतं. टाकी छोटी, सहा-सात माणसांत दुसऱ्या दिवशी दुपारी भरते. मग ती रिकामी कुठं करायची? ड्रायव्हर सहज म्हणाला, “पुढं एखाद्या वहाळात.” बायकोनं त्याच्याकडं असं बघितलं की तो विषय पुन्हा निघाला नाही. शेवटी आचऱ्यात मालकांना विचारून त्यांच्या संडासात बादली बादलीनं ओतली, नंतर सगळं धुऊन दिलं. मी आणि मेहुण्यानं. गाडीतला संडास फक्त रात्री पोरांसाठी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी ठेवा, दिवसा हॉटेल-पंप वापरा.

आचरा: छान. सुरूचं बन, लांबलचक पुळण, गर्दी नाही. मेहुणा आणि मी तिथं तंबूत झोपलो. तंबू टाकताना वाळूवर सुकलेल्या कचऱ्याची जी शेवटची रेघ दिसते तिच्या बऱ्याच वर टाका; अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती त्या रेघेच्याही पुढं येते. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते, त्यामुळं काल रात्री पाणी इथवर आलं नाही म्हणून आज निवांत झोपू नका. वरचं कापड घ्याच. पाऊस नसला तरी पहाटे दव असं पडतं की तंबू पिळून काढावा. हिवाळ्यात समुद्री कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात, तेव्हा पुळणीवर शेकोटी नको, मोठे दिवे नकोत. आणि गाडी वाळूत घालायचीच नाही, ‘ओली वाळू घट्ट असते’ असं सांगणाऱ्याचा ट्रॅक्टर जवळच उभा असतो.

परतताना मालवण, कणकवली, फोंडा घाट. फोंडा मला करूळपेक्षा बरा वाटला, अर्थात तोवर उजेडात बरंच काही बरं वाटायला लागलं होतं. दाजीपूरजवळ अंधार पडला आणि एका वळणावर गवा उभा. रस्त्याच्या मधोमध, हेडलाईटमध्ये गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. ड्रायव्हरनं हॉर्नकडं हात नेला, आबांनी मागून त्याचा खांदा धरला. दिवे बारीक केले, इंजिन चालू ठेवलं, थांबलो. चार-पाच मिनिटांनी तो आपल्या मनानं जंगलात उतरला. पोरी त्यानंतर राधानगरीपर्यंत बोलल्या नाहीत, आणि हे चार दिवसांत पहिल्यांदाच झालं.

व्हॅन घ्यावी का? म्हातारं माणूस सोबत असेल, मुक्काम मुख्य रस्त्याला असतील आणि पैशाचं काही वाटत नसेल तर घ्या. मुक्कामाचा खर्च वाचतो म्हणून घेत असाल तर नका घेऊ. ओरोस, मालवणकडं घरगुती दोन खोल्या आणि मासे यात त्या पैशांत आठवडा निघेल.

जानेवारीत परत जातोय. मेहुण्याची जुनी ओम्नी, दोन तंबू, आबा म्हणतात मीही येणार. ओम्नीची उंची मोजली. सहा फुटांच्या आत आहे.