वस्त्रगाळ पूड, दुधाळ थर

एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी मला काचेची पूड करायची होती. काचपट्टीवर चांदीच्या पेस्टने इलेक्ट्रोडच्या रेघा छापायच्या आणि त्यांच्यावर ही पूड वितळवून ३० मायक्रॉनचा थर द्यायचा. थराने वीज अडवायची, पण उजेड जाऊ द्यायचा. प्लाझ्मा टीव्हीच्या पुढच्या काचेत असा थर असायचा. ते टीव्ही बाजारातून गेले, प्रोजेक्ट तेवढा माझ्या गळ्यात आला.

पूर्वी हे काम शिशाच्या काचेवर भागायचं. शिसं नको म्हणून आम्ही बिस्मथ, झिंक आणि बोरॉनच्या ऑक्साइडची काच घेतली. ११०० अंशांवर अ‍ॅल्युमिनाच्या मुशीत वितळवली. (प्लॅटिनमची मूस बिस्मथ खाऊन टाकतं, आणि ती भरून द्यायला माझा स्टायपेंड पुरला नसता.) लालभडक रस डिस्टिल्ड वॉटरमध्ये ओतला की चटाचट तडकून त्याच्या लाह्या व्हायच्या. इथवर मजाच होती.

दळणात खरी परीक्षा झाली. पहिली खेप बॉल मिलमध्ये स्टीलच्या गोळ्यांनी, पाण्यात दळली. पूड करडी निघाली, कारण गोळ्यांचं लोखंड झिजून तिच्यात उतरलं होतं. शिवाय बोरॉनवाल्या या काचेला पाणी बाधतं, कण वरवर विरघळून एकमेकांना चिकटतात. मग झिर्कोनिया या कठीण सिरॅमिकच्या गोळ्या आणल्या, पाण्याऐवजी आयसोप्रॉपिल अल्कोहोल घातलं. पूड स्वच्छ आली.

आता माझी हौस आडवी आली. आजीच्या हाताखाली शिकेकाई वस्त्रगाळ करत वाढलेली मी. पूड जितकी बारीक तितकी चांगली, हे डोक्यात पक्कं. मिल ४८ तास फिरवली. निम्मे कण ०.८ मायक्रॉनच्या खाली! एथिल सेल्युलोज (कण बांधून ठेवणारा बाइंडर) आणि टर्पिनिऑल (त्याला विरघळवणारं द्रावक) यांच्यात पेस्ट केली, छापली, ५४० अंशांवर भाजली. भट्टीतून निघाला तो ताकासारखा पांढरा थर. मायक्रोस्कोपखाली फुगेच फुगे.

सर बघून म्हणाले, "अगं, वाफ आत असतानाच झाकण लावलंस तू."

इतके बारीक कण लवकर मऊ होऊन जुळतात, वाटा बुजतात, आणि बाइंडर जळून झालेला वायू आतच अडकतो. तापमान चढवून फुगे काढावेत, तर खालची साधी काच वाकते. फार जाडंही चालत नाही; दहा मायक्रॉनच्या वरचा कण राहिला, तर तिथे थर खडबडीत होतो आणि एखादं छिद्र राहिलं की वीज तिथूनच फुटते.

पुढची खेप १६ तासांतच उतरवली. मधला आकार अडीच मायक्रॉन. भाजताना ३८० अंशांवर तासभर थांबले, बाइंडर पुरता जळू दिला, मगच भट्टी चढवली. पट्टी गार झाल्यावर लॅबमधल्या मामांच्या पेपरवर ठेवली. त्यांनी खालची बातमी मोठ्याने वाचून दाखवली.

चांदीच्या रेघांच्या कडेला मात्र पिवळट झाक होती. भाजताना चांदी काचेत उतरते, तिचा तो रंग. पुढचं सेमिस्टर त्या झाकेच्या मागे गेलं.