नावानिशी

पुण्यात पाहुणे आले की त्यांना शनिवारवाडा आणि सिंहगड दाखवला जातो. खडकीच्या वॉर सिमेट्रीत त्यांना न्यावे असे सहसा कुणाच्या मनात येत नाही, आणि त्यात वावगेही काही नाही, कारण कबरींमध्ये फिरायला जाण्याची आपल्याकडे रीत नाही. मला मात्र ती जागा आवडते. दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेल्या, ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या सैन्यांतल्या १,६६८ जणांच्या कबरी तिथे आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या ज्या कबरींची कायम निगा राखली जाईल याची शाश्वती नव्हती, त्या हलवून इथे एकत्र आणल्या गेल्या.

तिथले दगड वाचू लागले की चाल आपोआप मंदावते. पलटणीचे चिन्ह, क्रमांक, हुद्दा, नाव, मृत्यूची तारीख, बहुतेकदा वय, आणि तळाशी, असलीच तर, घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ. हुद्दा मोठा म्हणून दगड मोठा, असा प्रकार नाही. हे धोरण पहिल्या महायुद्धानंतर जाणीवपूर्वक ठरवले गेले, त्यामुळे एखाद्या धनाढ्य बापालाही आपल्या मुलासाठी वेगळा संगमरवर उभारता येत नसे. मी अडखळतो तो वयाच्या आकड्यापाशी, कारण पुष्कळदा ते कॉलेजातून नुकते बाहेर पडण्याचे वय असते. हे सगळे रणांगणावरच पडले असेही समजू नये. आघाडीपासून इतक्या दूर तापाने किंवा अपघाताने गेलेलेही त्यांत असणारच. त्यांचे मरण मला त्यामुळे कमी प्रतीचे वाटत नाही.

परक्या मुलखातल्या मुलांची नावे अशी एकेक करून वाचताना आपल्याकडच्या मुलांची आठवण येतेच. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हिंदी सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढली. एप्रिल १९१६ मध्ये कूत अल्-अमारा येथे तिला शरण जावे लागले, तेव्हा वेढ्यात सापडलेल्यांमध्ये मराठा पलटणीही होत्या. त्या आघाडीवर ज्यांची कबर सापडली नाही त्यांच्यासाठी बसरा येथे स्मारक उभारले गेले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी दिली गेली. खडकीत जी समता दगडादगडातून दिसते, ती बसऱ्याच्या भिंतीपर्यंत पोहोचली नव्हती. कबरींची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ मध्ये या भेदभावाची जाहीर कबुली देऊन माफी मागितली, हे चांगलेच झाले, पण शंभर वर्षांनी.

संख्येवर भागवण्याची ही तऱ्हा गावोगावीही पोहोचली. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली, आणि गावाला ‘मिलिटरी अपशिंगे’ हे नाव मिळाले. अनेक गावांत शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर संगमरवरी पाटी आढळते: या गावातून महायुद्धावर इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. मजकूर बहुधा इंग्रजीत, म्हणजे ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांना तो वाचता येऊ नये अशी जणू तजवीजच.

ही नावे कायमची हरवली असती तर हळहळण्यापलीकडे काही उरले नसते. पण पुष्कळ नावे कागदावर शिल्लक आहेत. आयोगाची नोंदणी आज कुणालाही घरबसल्या विनामूल्य पाहता येते. तिच्यात कितीतरी शिपायांच्या नावापुढे बापाचे नाव, गाव आणि जिल्हा लिहिलेला आढळतो. इंग्रजी कारकुनांनी त्याचे स्पेलिंग असे काही केलेले असते की आपलेच गाव दोन-तीनदा मोठ्याने उच्चारल्याशिवाय ओळखू येत नाही, पण एखाद्या चिकाटीच्या शिक्षकाने मुलांना हाताशी धरले तर उन्हाळ्याच्या सुट्टीत होण्याजोगे हे काम आहे. अशी यादी जमली की ग्रामपंचायतीने त्या जुन्या पाटीशेजारी दुसरी पाटी मराठीत लावावी आणि तिच्यावर बापाच्या नावासकट पूर्ण नावे द्यावीत. गावाच्या स्वागतकमानीवर जो खर्च होतो, त्याच्या मानाने हा खर्च किरकोळच आहे.